लढवय्यांचा हजेरीपट

हैदराबादच्या निजामाविरुद्ध लढणाऱ्यांची संख्या निजाम शरण आल्यावरच खरी वाढली. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद पडले, संस्थानाच्या हद्दीवरचे लढ्याचे कॅम्प उठले आणि लढलेली पोरे मुकाट्याने नांगराला लागली. कोण कुठे लढला, याचा हजेरीपट कोणी ठेवला नाही. भूमिगताला कसले मस्टर?

पुढे स्वातंत्र्यसैनिकांना मानधन सुरू झाले आणि आमच्या जालन्याला लागून, गोदावरीपलीकडच्या बीड जिल्ह्यात, लढवय्यांचे अमाप पीक आले. तुरुंग भोगलेल्या ज्येष्ठाचे प्रतिज्ञापत्र जोडले की झाला माणूस भूमिगत! प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायमूर्ती पालकरांनी चौकशी केली, तर तपासलेल्यांपैकी बहुतेक बोगस.

हे आज काढायचे कारण गडचिरोली. तिथेही प्रश्न हजेरीपटाचाच आहे. 15 ऑक्टोबर 2025 ला माओवाद्यांचा बडा नेता भूपती ऊर्फ मल्लोजुला वेणुगोपाल राव साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रे ठेवून उभा राहिला. फोटो झकास आला. आत्मसमर्पण योजना 2005 पासूनची. रक्कम हुद्द्याप्रमाणे, दलमच्या, म्हणजे सशस्त्र तुकडीच्या, साध्या सदस्याला कमी, कमांडरला जास्त. जंगलातली बढती सरकारदरबारी धरली जाते. कंत्राटी शिक्षकांनी नोंद घ्यावी.

थट्टा पुरे, योजना टाकाऊ नाही. लग्नाची अट म्हणून माओवादी संघटनेने ज्यांची नसबंदी केली, त्यांच्यातल्या काहींवर उलट शस्त्रक्रिया झाल्या आणि घरात पाळणे हलले. कुणाला कोनसरीच्या लोह प्रकल्पात काम मिळाले, कुणाच्या गटाने फिनाईल बनवले. पण फिनाईल विकून किती दिवस भागते? आणि गावाकडे परतलेल्याला जुने साथी खबऱ्या ठरवतात, त्याचे काय? शरण आलेल्यांचे खूनही झालेले आहेत.

शरण किती आले, हा आकडा प्रत्येक पत्रकार परिषदेत मिळतो. पाच वर्षांनी त्यातले कितीजण कामावर आहेत, कितीजणांच्या नावावर घर आहे, कितीजणांवरचे खटले मिटले, हा आकडाही गृहखात्याने दरवर्षी छापावा. जालन्याच्या राज्य राखीव पोलीस बलातली पोरे गडचिरोलीत बंदोबस्ताला जातात. शरण आलेला उद्या पुन्हा जंगलात गेला, तर त्याच्यापुढे उभे राहायचे आहे ते त्यांनाच.