काहीच दिसलं नाही

निसर्गप्रेमींना संधींची वानवा नाही. बुद्धपौर्णिमेला वन विभागाकडे पैसे भरून मचाणावर रात्र काढता येते, पाणवठ्यावर येणाऱ्या प्राण्यांची नोंद करता येते. काम सोपं: गप्प बसायचं. गाडं अडतं ते तिथेच. रात्रभर सांबर, भेकर, साळिंदर पाणी पिऊन गेले तरी सकाळी तक्रार एकच, ‘काहीच दिसलं नाही.’ काहीच म्हणजे वाघ.

कोकणातल्या वेळासला २००२पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली जातात. पिल्लं बघायला येणाऱ्यांचा मुक्काम गावकऱ्यांच्या घरी, त्यामुळे पैसाही गावातच राहतो. पिल्लू समुद्राकडे निघालं की दोरीपलीकडून हाक येतेच: ‘अहो, जरा इकडे वळवा ना, फोटो नीट येत नाहीये!’

लेखक-चित्रकारांनाही आधार मिळतो. अरण्यलेखक मारुती चितमपल्लींना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा स्टेटसांचा पाऊस पडला. त्यांच्या पुस्तकांची पीडीएफ कुणाकडे आहे का, ही चौकशीही लगोलग आली. दोन लाखांची लेन्स गळ्यात अडकवून पक्ष्यांच्या चित्रकाराला सांगायचं, ‘पोस्टर काढून द्या, मानधन नाही, पण निसर्गासाठी आहे.’ मंडपवाल्याला मात्र रोख मोजतात. त्याने निसर्गप्रेमी असल्याचं कधी कबूलच केलेलं नसतं.