फक्त बेल्ट गेलाय

पापडीपासून आगाशीपर्यंत कुठल्याही सोसायटीत शिरा, एखाद्या मजल्यावर हे काका असतातच. जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र, त्यावर पोट उघडून आडवा पडलेला जपानी टू-इन-वन, शेजारी कापूस, स्पिरिटची बाटली, काकूंच्या डब्यातून पळवलेला चिमटा आणि स्क्रूंनी भरलेली श्रीखंडाची रिकामी डबी. गणपती येऊन गेले, नाताळ होऊन गेला, टेबल काही मोकळं झालेलं नाही. घरचे मांडीवर ताट घेऊन जेवतात आणि त्याबद्दल आता कुणी बोलतही नाही. पाहुण्याने मात्र सौजन्य म्हणूनसुद्धा चौकशी करू नये. केली की काका चष्म्याच्या वरून बघतात आणि शांतपणे सांगतात, "काही नाही हो, फक्त बेल्ट गेलाय."

निदान चुकीचं नसतं, हे आधी मान्य करायला हवं. टू-इन-वनमधली कॅसेट मोटरच्या जोरावर फिरते ती रबराच्या एका बारीक बेल्टमुळे, आणि चाळीस वर्षांत रबर म्हातारं होतं. कधी ते सैल पडतं, कधी चक्क वितळून काळ्या डिंकासारखं होतं. हा डिंक पुलीवरून काकांच्या बोटांना, बोटांवरून फ्रिजच्या दांड्याला आणि दांड्यावरून काकूंच्या पदराला लागतो. त्यात आपल्याकडची हवा खारी. ज्या खाडीच्या पाण्यावर वसईची मिठागरं पिकली, तिचंच वारं घरात शिरतं. स्प्रिंगा गंजतात, पितळी पट्ट्या हिरव्या पडतात, आणि आत सेल विसरून राहिले असतील तर त्यांनी पांढरा फेस काढलेला असतो. म्हणजे बेल्ट गेलेला असतोच. तक्रार आहे ती 'फक्त'बद्दल. बेल्ट बदलला की पिंच रोलर टेप खायला लागतो. तो घासून पुसून घेतला की हेड तिरकं असल्याचा शोध लागतो. हेडचा स्क्रू पावपाव आट्याने फिरवून आवाज उजळतो न उजळतो तोच डावा स्पीकर गप्प होतो. तिथला कंडेन्सर काढायला जावं तर जुन्या सर्किटवरचा तांब्याचा पापुद्राच सोल्डरबरोबर उचलून येतो. अशा वेळी, मशीनचे एकवीस अवयव एकवीस ठिकाणी पसरलेले असताना, दाराशी आलेल्या पेपरवाल्यालाही उत्तर तेच मिळतं.

या उद्योगाची लोक जी कारणं सांगतात त्यातलं एकही मला पुराव्यावर टिकताना दिसत नाही. काका गाण्याचे शौकीन आहेत, असं पहिलं म्हणणं. मग घरात एवढ्या यंत्रांमागे वाजण्याजोगी कॅसेट एकच कशी? तिचं कव्हर हरवलंय, लेबल पुसलंय, आणि ती 'चेक करायची कॅसेट' म्हणूनच ओळखली जाते. ती लावली की गाण्याच्या दोन ओळी वाजतात, काका स्टॉप दाबतात, रिवाइंड करतात, पुन्हा त्याच दोन ओळी. त्या गाण्याला अंतरा आहे हे घरातल्या नव्या पिढीला ठाऊक नाही. नात ते गाणं हुबेहूब म्हणते, शेवटी स्टॉपच्या बटणाचा खटका तोंडाने काढून. कॅसेटच्या आवाजाला जी ऊब आहे ती मोबाइलला नाही, हा काकांचा आवडता युक्तिवाद. पण ही टेप ३.८१ मिलिमीटर रुंद, सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर अशा गोगलगायीच्या चालीने सरकणारी. फिलिप्स कंपनीत लू ऑटेन्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती घडवली आणि १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली, तेव्हा नजरेसमोर मुख्यतः बोलणं टिपून ठेवण्याचं काम होतं. संगीत तिच्यावर नंतर येऊन बसलं. मागची ती 'स्स्स' ऊब असेल तर कुकरचं संगीतही ऊबदारच म्हणायला हवं.

दुसरं कारण स्मरणरंजनाचं. ते जरा सावकाश तपासायला हवं, कारण इथे वसईचा इतिहास मधे येतो. रेडिओ आणि टेप एकाच पेटीत, ही जोडीही फिलिप्सनेच १९६६च्या सुमारास बाजारात आणली. जपान्यांनी तिला मोठे स्पीकर आणि चकचकीत बटणं दिली, आणि अमेरिकेत ती पोरांच्या खांद्यावर बसून रस्त्यारस्त्याने बोंबलत फिरायला लागली. तिकडे तिला बूमबॉक्स म्हणाले. आपल्या गावांत ती आखातातून आली. सत्तर-ऐंशीच्या दशकांत कुवेत, बहारीन, दुबईला कामाला गेलेल्या वसईकराच्या सामानात नॅशनल पॅनासॉनिक, सान्यो नाहीतर शार्पची पेटी असे. न्यूयॉर्कला जी खांद्यावर नाचली ती इथे शोकेसमध्ये, क्रोशाच्या रुमालाखाली, वेलांकणी माउलीच्या किंवा जीवदानीच्या तसबिरीशेजारी विराजमान झाली. सणाला रुमाल निघे. मुलांनी हात लावायचा नाही, हा नियम वर्षभर. आता हिशेब करा. आजचे बरेचसे काका तेव्हा वसईत नव्हतेच. ते गिरगाव, लालबाग, परळच्या खोल्या सोडून स्वस्त फ्लॅटच्या ओढीने पुढे नालासोपारा-विरारला आले. त्यांच्या चाळीत टू-इन-वन होता तो शेजाऱ्यांकडे, आणि त्यांनी तो ऐकला तो भिंतीतून. जे इथलेच, त्यांना तो रुमालासकट लांबून बघायला मिळाला. स्मरणरंजनाला आठवण आपली लागते. ज्या वस्तूला हात लावायची बंदी होती ती साठाव्या वर्षी आतून-बाहेरून उघडून बसणं, याला मी वसुली म्हणेन.

काटकसरीचा दावा तर काकूंसमोर कुणी करतही नाही. बेल्ट स्वस्त असतो, खरं आहे. पण त्यासाठी पुलीभोवती दोरा गुंडाळून माप घ्यायचं, ताण बसावा म्हणून त्यातून थोडं वजा करायचं, आणि ते माप चिठ्ठीवर लिहून शनिवारी ग्रँट रोड गाठायचं. चर्चगेट ते विरार ६० किलोमीटर. ग्रँट रोड त्याच्या पार दुसऱ्या टोकाला. विरार फास्टने मुंबई सेंट्रल, तिथून स्लो, मग लॅमिंग्टन रोडच्या गल्लीत दुकानदाराने पुढे टाकलेल्या पन्नास बेल्टांतून चिमटीने एक निवडायचा. घरी आल्यावर तो घट्ट होतो. पुढच्या शनिवारचा सैल होतो. आणि ग्रँट रोडला गेलेला माणूस चोरबाजार चुकवून परत येत नाही, हा दुसरा खर्च. तिथे 'एकदम चालू' म्हणून घेतलेला सेट निघतो खास जपानच्या घरगुती बाजारातला. त्याचा एफएम ७६ ते ९० मेगाहर्ट्झ, आपली स्टेशनं बहुतेक त्याच्या पलीकडे, १०८ पर्यंत. म्हणजे काटा उजव्या भिंतीला टेकवून ठेवला तरी आपला एफएम बहुतेक बाहेरच उभा. शिवाय तिकडची वीज १०० व्होल्टची. आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात पिन घातली की ट्रान्सफॉर्मर जळतो. मागच्या जाळीतून निळसर धूर येत असताना, खिडक्या उघडायला धावणाऱ्या काकूंना काका म्हणतात... जाऊ द्या, तुम्हाला माहीत आहे.

मग पर्यावरण. हा मुद्दा काकांनी अलीकडे मुलाकडून उचलला आहे. ई-कचऱ्याचे नवे नियम २०२२ साली निघाले, १ एप्रिल २०२३पासून लागू झाले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' म्हणून पोर्टल काढलं. आपण एकटे हे राष्ट्रकार्य कधीपासून करतोय, असा काकांचा चेहरा असतो. तत्त्व योग्यच आहे. पण व्यवहारात एक सेट जगवायला काकांना सुट्या भागांसाठी तीन मेलेले सेट लागतात, आणि त्या तिघांतला एक 'याचं तर काहीच गेलेलं नाही, फक्त बेल्ट' म्हणून रुग्णाच्या यादीत बढती मिळवतो. साऱ्या गावाचा कचरा घरातून भंगारवाल्याकडे जातो. काकांच्या दारात तो रस्ता उलटा वाहतो.

एवढं सगळं खोडल्यावर उरतं काय? माझं म्हणणं असं की काकांना वाजणारं मशीन नकोच आहे. त्यांना हवा आहे सापडणारा दोष. पुरावा हवा असेल तर सेट पूर्ण दुरुस्त होतो त्या संध्याकाळी काकांकडे बघा. दोन्ही स्पीकर वाजताहेत, काटा नाचतोय, टेबल पुसून झालंय, आणि काका गाडी चुकलेल्या प्रवाशासारखे खुर्चीत बसलेत. चौथ्या दिवशी ते कान लावून म्हणतात, "किंचित लहर येतेय का गं आवाजात?" आणि वर्तमानपत्र पुन्हा पसरलं जातं. जुलै २०१८च्या पावसात वसई-विरार पाण्यात गेलं, लोकल थांबल्या, वीज गेली, तेव्हा मोठ्या सेलवर चालणारा रेडिओ घरोघरी सोन्याच्या मोलाचा ठरला असता. काकांकडे तसे चार होते. चारही उघडे.

हे जबाबदारीपासून पळणं आहे, असा आक्षेप काकूंच्या बाजूने येऊ शकतो आणि तो हलका नाही. पण काकांचा उरलेला दिवस बघा. चाळीस वर्षं त्यांनी विरार लोकलच्या दारात काढली. गाडी का थांबली हे त्यांना कुणी कधी सांगितलं नाही. सांगितलं ते 'तांत्रिक बिघाड' एवढंच. नळाला पाणी का नाही? सूर्या धरणापासून सोसायटीच्या टाकीपर्यंत कुठे काय अडलंय ते कळत नाही. टँकर येतो, पैसे जातात. गाव होतं, ग्रामपंचायत होती, नगरपालिका झाली, २००९ला महापालिका झाली, २०१४ला जिल्हा ठाण्याचा पालघर झाला. पाटी बदलली, खड्डा जुनाच. मोबाइल बिघडला तर दुकानातला पोरगा उघडूनसुद्धा बघत नाही, नवा घ्या म्हणतो. या सगळ्यात टू-इन-वन ही एकच गोष्ट अशी, की मागचे सहा स्क्रू काढले की कारण समोर दिसतं. हे फिरतं म्हणून ते फिरतं, हे तुटलं म्हणून ते थांबलं. 'फक्त बेल्ट गेलाय' हे वाक्य इतकं ताणून वापरणाऱ्या माणसाला जग तितकंच सोपं असायला हवं होतं. ते नाही, याची काकांना पूर्ण कल्पना आहे. म्हणूनच ते फ्रिजला, पंपाला, मेव्हण्याच्या मोडलेल्या सोयरिकीलासुद्धा तेच निदान लावतात. त्यांच्या गुडघ्याचा फोटो पाहून डॉक्टरांनी लिगामेंट फाटल्याचं सांगितलं तेव्हा अख्ख्या घराने मान खाली घातली. या वेळी खरंच बेल्ट गेला होता.

आणि एका बाबतीत काकांचा किचकटपणा कामाला येतो, हे नाइलाजाने नोंदवतो. आखातात गेलेल्यांच्या घरी पत्रांबरोबर कॅसेटीही येत. केरळात तर ही मोठी रीतच होती, आणि आपल्या किनाऱ्यावरच्या घरांतही माळ्यावर अशा कॅसेटी निघतात. कुणी आवाज भरून पाठवलेला, कुणी घरच्यांचा आवाज तिकडे नेण्यासाठी भरलेला. फोन महाग होता, बोलण्यासाठी टेप होती. अशी कॅसेट घेऊन कुणी काकांकडे आलं की टेबलाचा नूर पालटतो. मोटरच्या मागे एक बारीक भोक असतं. आत पेचकस घालून वेग कमी-जास्त करता येतो. नेहमी काका ठरावीक सुराची टेप लावतात आणि मीटरवर मोजून वेग जुळवतात. इथे ते चालत नाही. कारण तो आवाज ज्या मशीनवर भरला ते तेव्हा हळू धावत होतं की जलद, हे कुठल्याच मीटरला माहीत नाही. मशीन थोडं जरी हळू चाललं असेल, तरी आजच्या अचूक वेगावर ती व्यक्ती बारीक, घाईच्या आवाजात बोलते. मग कॅसेट आणणाऱ्यांतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईंना खुर्ची दिली जाते. काका पेचकस केसभर फिरवतात, थांबतात, विचारतात. "नाही, एवढा पातळ नव्हता त्यांचा आवाज." आणखी केसभर. "अजून थोडा." आणि मग बाई काहीच बोलत नाहीत. काका त्या वेळी स्टॉप दाबत नाहीत. कॅसेटची ती बाजू संपेपर्यंत वाजू देतात, आणि बटण आपोआप वर येतं.

तेव्हा तुमच्या माळ्यावर टू-इन-वन पडला असेल तर भंगारात घालण्याआधी कॅसेटचं झाकण उघडून बघा. आत बहुधा एखादी राहून गेलेली असते. ती आधी काढून घ्या, सावलीत कोरड्या डब्यात ठेवा, चुंबकापासून लांब. टेप सैल पडली असेल तर पेन्सिल घालून हाताने गुंडाळा. त्यानंतर मशीन हवं तर काकांना द्या. मात्र परत कधी मिळेल हे विचारू नका.