चित्राचा पासपोर्ट फोटो

माणसाचा फोटो काढणं त्या मानानं सोपं. त्याला हस म्हणता येतं, हनुवटी जरा खाली घे म्हणता येतं. चित्र ढिम्म असतं. शिवाय प्रिंट काढण्यासाठी त्याचा फोटो असा हवा असतो, की त्यात फोटोग्राफरची कला औषधालाही दिसू नये. चकाकी नको, सावली नको, मान तिरकी नको. पासपोर्टचाच फोटो तो!

कॅमेरा चित्राशी बरोबर समांतर हवा, नाहीतर चौकट एका बाजूला निमुळती होते. त्यासाठी जाणकार मंडळी चित्राच्या मधोमध, त्याच्याच पातळीत, छोटा आरसा धरतात आणि भिंगाचं प्रतिबिंब ऐन मध्यावर येईपर्यंत ट्रायपॉड सरकवत बसतात. दुसऱ्याकडे बघण्याआधी कॅमेऱ्याला स्वतःचं तोंड बघायला लावायचं, ही रीत मला फार पसंत आहे.

दिवे दोन बाजूंना, 45 अंशांत. तैलचित्रावर व्हार्निश असेल तर तेवढ्यानं भागत नाही. मग दिव्यांवर पोलरायझर आणि भिंगावर त्यांना आडवा पोलरायझर. चकाकी नाहीशी होते. पण रंगाच्या थरांचा उठावही तिच्यासोबत जातो आणि चित्रकार विचारतो, ‘‘माझा नाइफचा हात कुठे गेला?’’ की चकाकीला थोडं परत बोलवायचं.

खरी भानगड रंगांची. शेजारी 24 चौकटींचा रंगपट ठेवा, रॉ फाइल घ्या, मॉनिटर कॅलिब्रेट करा. तरी कोबाल्ट ब्लू दगा देऊ शकतो. हा निळा लाल टोकाचा थोडा प्रकाशही परतवतो. आपल्या डोळ्याला तो जेमतेम कळतो, काही कॅमेऱ्यांना चांगलाच कळतो, आणि आभाळ जांभळट होतं.

राजा रविवर्म्यांच्या छापखान्यात ही कटकट नव्हती. 1894 मध्ये मुंबईत सुरू झालेला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला तो छापखाना. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि कुठल्या दगडावर काय उतरवायचं ते ठरवणार कारागिराची नजर. घरोघरी पोचलेल्या लक्ष्मीच्या साडीचा रंग मुळाबरहुकूम आहे का, असं देवघरात कोण विचारतंय? उलट हौशी बायकांनी तिला वरून जर आणि टिकल्या चिकटवल्या.

आजचा चित्रकार विचारतो. माझ्या ओळखीचे एक ज्येष्ठ चित्रकार प्रिंट खिडकीपाशी नेऊन बराच वेळ न्याहाळत होते. ‘‘आभाळ असं नाहीये माझं.’’

फोटोग्राफर मुरलेला. त्यानं काही न बोलता मूळ चित्र शेजारी आणून उभं केलं. काकांनी चष्मा पुसला, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

‘‘यातही चुकलंय की रे,’’ म्हणाले, आणि ब्रश शोधायला आत गेले.

फोटोग्राफरनं दिवे पुन्हा लावायला घेतले.