कानामागून आला

मध्य रेल्वेच्या लोकलमध्ये कानात काही न घालता बसलेला माणूस आता एक तर भजनी मंडळातला असतो, नाही तर त्याची बॅटरी संपलेली असते. बाकीचा डबा आपापल्या गाण्यात. तिघांच्या बाकावर चौथा म्हणून अर्धं बूड टेकलेला माणूसही डोळे मिटून मान डोलावत असतो. शेजारच्याचं कोपर बरगडीत रुतलेलं असताना माणूस मान डोलावतो, यापेक्षा संगीताच्या सामर्थ्याचा मोठा पुरावा मला माहीत नाही.

मलाही बिनवायरचं काहीतरी घ्यावं लागलं. हौस म्हणून नव्हे. नव्या फोनला हेडफोनची वायर खुपसायचं भोकच नव्हतं. 2016 च्या सप्टेंबरात ॲपलने आयफोन 7 दाखवला तो साडेतीन मिलिमीटरचं ते भोक बुजवून, आणि त्याच कार्यक्रमात बिनवायरचे एअरपॉड्सही दाखवले. याला योगायोग म्हणत नाहीत, धंदा म्हणतात, आणि तो आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्यालाही कळतो. इतरांनी आधी टिंगल केली आणि मग एकेकाने गुपचूप आपलीही भोकं बुजवली.

सल्ल्यासाठी भाच्याला बोलावलं. मामा ऐकतो काय, हे त्याने विचारलं नाही. पैसे किती घालवणार, हेही नाही. म्हणाला, "मामा, तुला एलडॅक लागेल का?"

लागत असेल तर आधी डॉक्टरला दाखवायला हवं, असं मला वाटलं. पण एलडॅक ही सोनीची पद्धत निघाली. फोनमधून कानाकडे हवेतून पाठवताना गाणं दाबून लहान करावं लागतं. ते किती आणि कसं दाबायचं, याच्या निरनिराळ्या पद्धती आहेत. एलडॅक त्यातली उदार. सेकंदाला 990 किलोबिटपर्यंत माल पोचवते, गर्दीत सिग्नल अडखळला की 330 वर येते. आता मी ऐकतो बालगंधर्व. तीन-साडेतीन मिनिटांत आटोपणारी तबकडी, कुणाच्या तरी आजोबांनी वाजवून वाजवून गुळगुळीत केलेली आणि नातवाने कधीतरी यूट्यूबवर चढवलेली. त्यात 990 किलोबिट ओतले तर मला जास्तीचं काय मिळणार? सुईच्या खरखरीतले बारकावे.

खोक्यांवरचा मजकूर वाचायची मात्र मला तेव्हापासून चटक लागली. महागड्या खोक्यावर एक सोनेरी स्टिकर असतो. तो मिळवायला यंत्राला 40,000 हर्ट्‌झपर्यंतचा आवाज काढता यावा लागतो. माणसाचा कान, तोही तरुण, 20,000 ला हात टेकतो, आणि वय वाढलं की आधी वरचेच आवाज जातात. चाळीस हजार ऐकू शकेल असा प्राणी आमच्या सोसायटीत एकच आहे. तो गेटपाशी झोपतो आणि त्याला गाण्याची आवड नाही. दुसरी मौज 'आयपीएक्स 4'ची. चार म्हणजे चहूबाजूंनी उडालेलं पाणी सोसेल, आणि एक्स म्हणजे धुळीची चाचणीच केलेली नाही. रस्ता कायम खोदलेला असलेल्या शहरात नेमकी धुळीचीच जागा कोरी! सात आकडा असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतं. हा आकडा पावसात तुंबणाऱ्या हिंदमाताच्या रहिवाशांसाठी ठेवलेला असावा. 'चाळीस तास बॅटरी' असं ठळक लिहिलेलं असतं, त्यात डबीतून पुन्हापुन्हा चार्ज करण्याचे तास धरलेले असतात; कानात सलग चालतं ते पाच-सात-आठ तास.

खोकी वाचून झाल्यावर मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड. तिथे कानात घालून बघायला काही देत नाहीत, आणि इतरांच्या कानांचा विचार केला तर ते बरंच आहे. सील तुटलं की माल तुमचा. म्हणजे वरचा थर बघून हापूसची पेटी उचलायची, आत काय निघेल ते घरी. डोक्यावरून घ्यायचा मोठा हेडफोन मात्र एक नमुना म्हणून टांगलेला होता. तो मी चढवला. दुकानदाराने स्वतःच्या फोनवरून काहीतरी लावलं आणि माझे दात हलले.

"बास बघा साहेब, कडक!"

मी म्हटलं, कुमार गंधर्व लावा.

त्याने शोधलं, थोडं ऐकलं आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "साहेब, यात बासच नाही. टेस्टिंग कसं होणार?"

दोष त्याचा नाही. स्वस्तातले बहुतेक हेडफोन खालचे आवाज फुगवूनच बाजारात येतात, कारण गिऱ्हाईक दुकानात अर्धं मिनिट ऐकतं आणि अर्ध्या मिनिटात बासच पटतो. त्यावर अभंग ऐका. गायक मागे राहतो आणि पखवाज विसर्जनाच्या मिरवणुकीत पुढे निघून जातो. शिवाय चष्मा असला की त्याच्या काड्यांवर हेडफोनची गादी दाबून बसते आणि तासाभरात कानशिलं ठणकतात. आपल्याकडच्या मे महिन्यात तर डोक्यावर अशी गोष्ट चढवणं म्हणजे घामाला आमंत्रण. आईने घरबसल्या फोटो बघूनच निकाल दिला होता: "कानटोपी घ्यायची तर लोकरीची घे, निदान महाबळेश्वरला चालेल."

राहिली ती बाहेरचा आवाज पुसून टाकण्याची करामत. तिच्यावर माझी सगळी मदार होती. तिची एक कथा मला फार आवडते. अमर बोस हे अमेरिकेतल्या एमआयटीत प्राध्यापक होते, वडील कलकत्त्याहून तिकडे गेलेले स्वातंत्र्यसैनिक. 1978 मध्ये झुरिकहून परतताना विमानात मिळालेल्या हेडफोनमध्ये इंजिनाच्या घरघरीपायी त्यांना धड काही ऐकू येईना. त्यांनी तिथेच बसल्या बसल्या गणित मांडायला सुरुवात केली. बाहेरचा आवाज मायक्रोफोनने टिपायचा, त्याची बरोब्बर उलटी लाट तयार करून कानात सोडायची, दोन्ही लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. वैमानिकांसाठीचा त्यांचा हेडसेट 1989 मध्ये बाजारात आला. वैतागलेल्या बंगाली रक्ताने काय साधतं ते बघा. आपण विमान कंपनीला तक्रारीचं पत्र लिहून मोकळे झालो असतो.

पण त्यांचं वैर इंजिनाशी होतं. एकसारखा, खालच्या पट्टीतला, न थांबणारा आवाज या यंत्राला छान पुसता येतो. पंखा, एसी, गाडीची घरघर, सगळं जातं. अचानक येणारं आणि वरच्या पट्टीतलं काही आलं की उलटी लाट जुळेपर्यंत ते कानात शिरलेलं असतं. त्याला अडवतं ते कानात घट्ट बसलेलं रबरी बूच, तेही अर्धंमुर्धं. आता आपल्या घरातले आवाज आठवा. कुकरची शिट्टी. देवघरातली घंटा. "एऽऽ भंगारऽऽ". वरच्या मजल्यावरचं स्टीलचं भांडं पडणं, आणि ते पडल्यावर थांबेपर्यंत त्याचं फिरत राहणं. भाच्याचा हेडफोन लावून मी दुपारभर बसलो, तेव्हा पंख्याचा आवाज गेला. त्यामुळे आतापर्यंत पंख्याखाली झाकलं गेलेलं शेजारचं भांडण स्वच्छ ऐकू येऊ लागलं. कुणाची बाजू बरोबर, हेही कळलं.

गाडीत तर पंचाईत वेगळीच. रुळांची धडधड खरोखर विरघळते. आणि मग डब्यातलं भजनी मंडळ उरतं. झांजा आणि टाळ हे वरच्या पट्टीचे, थांबून थांबून येणारे, म्हणजे या यंत्राने हात टेकावेत असेच. माझ्या कानात विलंबित चाललेलं, बाहेर मंडळ दुपटीत. डोंबिवली ते ठाणे मी दोन तालांच्या मधोमध उभा होतो. शेवटी हेडफोन काढला आणि त्यांच्याबरोबर टाळ्या धरल्या. गाणं तिथे बरं चाललं होतं.

याच यंत्रात आणखी एक बटण असतं. ते दाबलं की बाहेरचे आवाज मायक्रोफोनमधून पुन्हा आत सोडले जातात, रस्ता ओलांडताना हॉर्न ऐकू यावा म्हणून. हजारो रुपये देऊन जग बंद करायचं आणि मग ते उघडायला बटण. खिडकी आधीपासून असंच करत आली आहे, आणि तिला चार्जिंग लागत नाही.

मग कानात मावणारे ते सुटे गोळे. दिसायला सुबक, वजन नाही, डबीत टकटक बंद होतात. पण टोकियोत जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीच्या 78 स्थानकांवर 2020 मध्ये जुलै ते सप्टेंबर या काळात साडेनऊशेच्या आसपास असे गोळे रुळांवर पडले. ते उचलायला पॅनासॉनिकच्या मदतीने त्यांनी खास व्हॅक्यूम क्लीनरसारखं यंत्र तयार केलं. जिथे रांग लावून गाडीत चढतात तिथली ही कथा. दादरला उतरताना ज्याच्या शर्टाचं बटण टिकत नाही, त्याने कानातल्या गोळ्यावर किती विश्वास ठेवावा?

आणि हे गोळे कुणाला दिसत नाहीत. मी खिडकीशी उभा राहून ऑफिसशी बोलत होतो, "हो, उद्यापर्यंत नक्की देतो." समोरच्या गॅलरीतले काका हात वर करून म्हणाले, "सावकाश द्या हो, घाई नाही." ते माझ्याकडून काय अपेक्षित धरून बसले आहेत, हे अजून कळलेलं नाही.

अखेर घेतला नेकबँड, म्हणजे दोन्ही कानांचे गोळे जोडलेला गळ्यातला पट्टा. हजार-बाराशेत येतो. भाचा त्याकडे अशा नजरेने बघतो की जणू मी धोतर नेसून आलो. पण धक्काबुक्कीत कानातून निसटला तर गळ्यातच राहतो. बटणं हाताला लागतात. आईने हाक मारली की एक बाजू उपटायची, छातीवर लोंबू द्यायची आणि "काय गं" म्हणायचं. गोळा हातात धरून कुठे ठेवू, अशी नाचानाच नाही. गळ्यातला पट्टा लांबूनही दिसतो, त्यामुळे काकांनाही कळतं की हा आपल्याशी बोलत नाही. बालगंधर्व पूर्वीइतकेच खरखरतात. भजनी मंडळही ऐकू येतं.

तेव्हा विमानाने वारंवार जात असाल तर बोससाहेबांचं ऐका आणि महागातलं घ्या, तिथे ते पैसे वसूल होतात. रोजच्या लोकलसाठी आणि भरल्या घरासाठी नेकबँडच बरा. लॅमिंग्टन रोडला गेलात तर तो नाव घेऊन मागा. काचेत मांडलेला नसतो, दुकानदार मागच्या फळीवरून काढून देतो, आणि देताना एकदा तुमच्या केसांकडे बघतो.