सत्तर टक्के

त्याला ‘कसा आहेस?’ विचारलं, तर तो ‘बरा आहे’ म्हणत नाही. ‘सत्तर टक्के,’ म्हणतो. गेल्या मंगळवारी साठ होता, रविवारपर्यंत ऐंशी होणार असतो. ऐंशीच्या पुढे मात्र तो कधी गेल्याचं ऐकिवात नाही. ऐंशीला पोचला की पोटरी धरते, नाहीतर चुलतभावाचं लग्न निघतं, आणि आकडा पुन्हा पंचावन्नवर येतो.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कुठल्याही फुटबॉलच्या मैदानावर रविवारी सकाळी जा, हा भेटतोच. पाठीवर दहा नंबर, पायात सगळ्यांत महागडे स्टड्स, मांडीवर निळी चिकटपट्टी. पोरं त्याला दादा म्हणतात, किटवाला शेठ म्हणतो. आपण दहा नंबरच म्हणू.

आमचा दहा नंबर मुलुंडचा. संभाजी मैदानावर शाळेपासून त्याचं नाव. डावा पाय असा, की चेंडू त्याच्याकडे आला की माणसाळतो. यंदा अंधेरीच्या एका क्लबनं त्याला घेतला. घेताना त्याचे व्हिडिओ पाहिले. व्हिडिओ अस्सल होते, फक्त तीन वर्षांपूर्वीचे. मधल्या काळात त्याचं लग्न झालं, ऑफिस घरून सुरू झालं आणि सासूबाईंच्या लक्षात आलं की जावईबापूंना पुरणपोळी आवडते.

नव्या क्लबात पहिल्याच दिवशी सरांनी यो-यो टेस्ट लावली. वीस मीटर जायचं, वीस मीटर यायचं, दहा सेकंद दम खायचा, की पुन्हा. बीप हळूहळू लवकर वाजायला लागते आणि माणसाचं खरं वय बाहेर येतं. पाचव्या-सहाव्या फेरीला दहा नंबरची लेस सुटली. ती बांधायला तो जो खाली बसला, तो टेस्ट संपल्यावरच उठला. वर सरांना म्हणाला, ‘सर, ही टेस्ट पळणाऱ्यांची आहे. मी बॉलवाला प्लेअर आहे.’

त्याची अशी काही ठेवणीतली वाक्यं आहेत. ‘मॅच फिटनेस वेगळा असतो’ हे पहिलं. ‘बॉलला पळू दे, बॉल दमत नाही’ हे दुसरं. आणि तिसरं, कुणी पोटाकडे पाहिलं की, ‘हे वजन नाही, पाणी आहे.’

डाएट कायम सुरूच असतं. प्रॅक्टिस संपली की सगळे वडापावच्या गाडीवर जातात. हा पाव बाजूला काढून ठेवतो. मैद्याला हात लावत नाही म्हणे. मग नुसते तीन वडे खातो, कारण बटाट्यात कार्ब असतात आणि कार्ब रिकव्हरीला लागतात. तळलेली मिरची व्हिटॅमिन सीसाठी.

व्यायामाचा हिशेबही असाच. मुलुंडहून स्लो लोकलनं घाटकोपर, तिथून मेट्रोनं अंधेरी. २०१४ मध्ये ही ११.४ किलोमीटरची मेट्रो सुरू झाल्यापासून पूर्वेच्या माणसाला पश्चिमेला न यायला सबब उरली नाही. पण दहा नंबरनं तीही शोधली. ‘घाटकोपरचे जिने चढूनच माझा कार्डिओ होतो, वॉर्मअपला वेगळं पळायची गरज नाही.’ आमच्या राइट बॅकनं त्याला तिथल्या सरकत्या जिन्यावर उभा पाहिलाय, तोही डाव्या बाजूनं चढणाऱ्यांची वाट अडवून. पण हा विषय टीममध्ये कुणी काढत नाही.

फिफाचा ‘११ प्लस’ नावाचा वॉर्मअप आहे. पंधरा व्यायाम, वीस मिनिटं, दुखापती टाळण्यासाठीच बनवलेला. तो संपल्यावर एकविसाव्या मिनिटाला दहा नंबर गेटातून आत येतो. इतका काटेकोर वक्तशीरपणा त्याच्या अंगात एरवी कुठे दिसत नाही.

दुखापतींचं ज्ञान मात्र विचारू नका. हॅमस्ट्रिंग म्हणजे एक स्नायू नव्हे, तीन, हे आमच्या निम्म्या टीमला त्याच्यामुळे कळलं. जोरात पळताना पाय पुढे फेकला जातो, त्या क्षणी हे स्नायू ताणलेलेही असतात आणि ब्रेकही लावत असतात. तिथेच त्यातला एखादा फाटतो. एकदा फाटला की पुन्हा फाटायची भीती जास्त. हे सगळं तो मांडीवर बोट ठेवून इतकं छान समजावतो, की फिजिओ मान डोलावतो. त्यावरचा उपायही त्याला पाठ आहे. नॉर्डिक. गुडघ्यांवर बसायचं, मागून कुणीतरी घोटे धरायचे आणि अंग ताठ ठेवून सावकाश पुढे झुकायचं. पोरांकडून तो हा व्यायाम न चुकता करून घेतो. घोटे धरायचं काम नेहमी स्वतःकडे घेतो.

त्याचं दैवत दिएगो फोर्लान. २०१० च्या विश्वचषकात सर्वोत्तम खेळाडू ठरलेला हा माणूस २०१६ मध्ये मुंबई सिटीकडून खेळायला आला. नोव्हेंबरमध्ये अंधेरीच्या शहाजी राजे भोसले क्रीडा संकुलात मुंबईनं केरळला पाच शून्यनं धुतलं. त्यातले तीन गोल फोर्लानचे. दहा नंबर त्या दिवशी स्टँडमध्ये होता. ‘सदतिसाव्या वर्षी, बोल! कुठे पळत होता तो? जागेवर असायचा, जागेवर!’ एवढाच धडा त्यानं त्या संध्याकाळी घेतला. जागेवर असण्याआधी त्या जागेपर्यंत पोचावं लागतं, हा धडा बहुधा हाफ टाइमला सामोसा आणायला गेला तेव्हा राहून गेला.

मी एकदा त्याला दुसरी बाजू सांगून पाहिली. म्हटलं, २०१४ चा ल्युंगबर्ग आठव. आर्सेनलच्या त्या अख्ख्या लीगमध्ये न हरलेल्या टीमचा खेळाडू. निवृत्ती मोडून मुंबई सिटीत आला, शरीर साथ देईना, चार सामने खेळला आणि पुन्हा निवृत्त झाला. गुण होता म्हणून भागलं का? दहा नंबर क्षणभर गप्प झाला. मग एकदम खुलला. ‘म्हणजे बघ, नवीन क्लबात सेट व्हायला ल्युंगबर्गलाही वेळ लागला!’

घरच्यांचा पाठिंबा भक्कम. आईनं सरांना एकदा फोन केला होता. ‘सर, त्याला फार पळवू नका हो, सहावीत टायफॉइड झाला होता.’ सर म्हणाले, ‘हो काकू.’ बायको जास्त व्यवहारी. तिचं म्हणणं, ‘खेळणं पुरे, आता कोच हो.’ त्यावर तो खालिद जमीलचं नाव घेतो. दुखापतींनी खेळणं थांबलं, मुंबई एफसीचा कोच झाला, २०१७ मध्ये ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून दिली, २०२५ मध्ये भारताचा मुख्य प्रशिक्षक. ‘तो रस्ता आहेच,’ दहा नंबर म्हणतो, ‘पण आधी एक पूर्ण सीझन खेळतो.’ बायको विचारते, ‘कुठला?’

आता तुम्ही म्हणाल, असल्या माणसाला टीममध्ये ठेवता कशाला? त्यासाठी जुलैमधली ती मॅच बघायला हवी होती. मैदानाचा चिखल झालेला, शून्य-शून्य, सगळे नुसते चेंडू पुढे लाथाडताहेत. सरांनी सत्तराव्या मिनिटाला त्याला उतरवलं. पहिली दहा मिनिटं तो सेंटर सर्कलमध्ये कमरेवर हात ठेवून उभा होता. त्याचा माणूस आमचा राइट बॅक धरत होता, स्वतःचा सांभाळून. मग एक चेंडू घरंगळत त्याच्याकडे आला. त्यानं तो थांबवलाही नाही. डाव्या पायाच्या आतल्या बाजूनं नुसता वळवला, दोन बॅकच्या मधून, चिखलाच्या डबक्याला वळसा घालून, आणि आमच्या एकोणीस वर्षांच्या विंगरच्या पुढ्यात ठेवला. ती जागा मैदानावर आणखी कुणाला दिसलीच नव्हती. विंगरला तर फक्त पळायचं होतं.

गोल झाल्यावर दहा नंबर त्याला मिठी मारायला कॉर्नर फ्लॅगपर्यंत धावला. पूर्ण सामन्यातली त्याची ती सर्वांत लांब धाव. तिथेच पोटरी धरली. बर्फ लावता लावता म्हणाला, ‘पाहिलंत? म्हणून म्हणतो, मॅच फिटनेस वेगळा असतो.’

प्रॅक्टिस संपल्यावर बाकीचे बॅग उचलतात तेव्हा तो थांबतो. तीन-चार पोरांना गोल करून उभं करतो आणि एकच गोष्ट घोटून घेतो. चेंडू यायच्या आधी मान फिरव, मागे कोण आहे बघ, मग घे. स्वतः जागचा न हलता तासभर हे शिकवतो. त्या तासात त्याला कुणी टक्केवारी विचारत नाही, तोही सांगत नाही. आणि आमचा तो विंगर आता मान फिरवूनच चेंडू घेतो.

बाकी त्याला हसायचा हक्क आपल्यापैकी किती जणांना आहे, कोण जाणे. सोसायटीत सोमवारपासून चालायला जाणारे कोण कोण आहेत, ते मी वर्षानुवर्षं ऐकतोय. त्यात मीही आहे. आमचा डावा पायही तसा नाही.

पुढच्या सीझनची नोंदणी आली तेव्हा मीटिंगमध्ये त्याचं नाव निघालं. खजिनदार म्हणाले, फी भरायची तर फिट माणसावर भरू. त्यावर राइट बॅक, ज्याला त्याच्यापायी दुप्पट पळावं लागतं तोच, म्हणाला, ‘पळणारे आपण दहा जण आहोत ना. अकरावा कशाला हवाय?’ विषय संपला.

दहा नंबरनं फॉर्म स्वतः भरला. वजन लिहिलं, ते व्हिडिओतलं. जर्सीच्या रकान्यात लिहिलं लार्ज. रात्री साडेदहाला किटवाल्याला फोन केला, ‘अरे, कापड धुतल्यावर आटतं ना, तू एक्स्ट्रा लार्जच मागव. कुणाला बोलू नको.’ किटवाला म्हणाला, ‘टेन्शन घेऊ नका शेठ.’ त्यानं डबल एक्स्ट्रा लार्ज परवाच मागवली होती.