पापणी पडली, ऑपरेशन छातीचं

"काकू, तुमचा कढीपत्ता तोडते हं थोडा."

"तोड की. आधी सांग, तुझ्या थोरल्या दिरांना सोडलं का? डोळ्याचं ऑपरेशन म्हणे, आणि गॉगल तर नव्हता."

"डोळ्याचं कुठलं? छातीचं!"

"अगंबाई, हार्ट?"

"नाही हो. छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. लहानपणी मोठी, वय वाढेल तशी सुकते. भाऊजींच्या ग्रंथीत गाठ निघाली."

"अन् पडत होती ती पापणी!"

"तेच तर. मायस्थेनिया म्हणतात. घरचा राखणदारच घरच्यांवर धावून जावा तशी शरीराची प्रतिकारशक्ती उलटते. मेंदूचा निरोप नसेतून येतो, पण स्नायू तो जिथे घेतो तिथेच मारा. मग पापणी उचलणार कोण? आणि ह्या सगळ्याला चिथावणी त्या थायमसची."

"अमिताभला झालेला तोच ना?"

"तोच. 'कुली' सिनेमातला मार १९८२चा, हे त्यानंतर कळलं. आमच्याकडे मात्र कळायच्या आधीच गल्लीनं निकाल लावला. सकाळी डोळे टक्क उघडे, दिवेलागणीला एक पापणी निम्मी खाली, एकाचे दोन दिसायचे. जिना उतरताना कठडा चाचपायचे. झालं, 'रोज बसतात' म्हणे! माळकरी माणूस!"

"मी नव्हते हो, त्या कोपऱ्यावरच्या..."

"असू दे. डॉक्टरीणबाईंनी काय केलं, रुमालात बर्फ गुंडाळून दोन मिनिटं पापणीवर धरला. काढला तर पापणी वर! जाऊबाईंना तर नमस्कारच करावासा वाटला. पण थोड्या वेळात परत खाली. मग रक्त, नसांची तपासणी, छातीचा सीटी स्कॅन. त्यात गाठ दिसली."

"छाती फाडली असेल."

"गाठ मोठी असली तर हाड कापतात. ह्यांचं बरगड्यांमधून भोकं पाडून दुर्बिणीनं झालं. पुतण्यानं वाचून ठेवलंय सगळं. १९३६ साली अमेरिकेत ब्लेलॉक नावाच्या सर्जननं एका तरुणीची अशी गाठ काढली, अन् तिचा आजार हटला."

"गाठ नसली तर?"

"तरी काढतात काहींची. २०१६ साली १२६ पेशंटांचा अभ्यास छापून आला. ग्रंथी काढली त्यांना तीन वर्षांत त्रासही कमी, स्टिरॉइडही कमी. पण तो आजार अंगभर पसरलेल्यांचा. डोळ्यापुरताच असला, गाठही नसली, तर बहुधा गोळ्यांवरच भागवतात. उगाच कोणी कापून घेऊ नये बाई."

"मग आता उघडला डोळा?"

"लगेच कुठला! महिने जातात, कधी वर्षंही. तोवर गोळी चालूच. तिनं पोटात मुरडा येतो, की जाऊबाई दहीभात घेऊन उभ्या. शिवाय काही अँटिबायोटिकं वर्ज्य. मेडिकलमधून मनानं काही आणायचं नाही अशी तंबी आहे."

"संध्याकाळी येऊन बघून जाते."

"सकाळीच या काकू. संध्याकाळी त्यांना तुम्ही दोन दिसाल, आणि जाऊबाईंना एकच झेपते!"