स्पॅनिश मोहरा जमवू पाहणाऱ्या सोलापूरकरांस सूचना

आधी निश्चय करावा. स्पेनच्या राजानं मेक्सिको-पेरूत पाडलेली आठ एस्कुदोंची मोहोर मिळवायचीच, असं घरच्यांसमोर मोठ्यानं जाहीर करावं. ती सत्तावीस ग्रॅमची असते. आजच्या सोन्याच्या भावानं गुणाकार केला की निश्चय ढिला पडतो आणि माणूस खऱ्या कामाला मोकळा होतो.

अमेरिकेतली स्पॅनिश चांदी सुरतेला पुष्कळ उतरली, पण मुघल टांकसाळीत वितळून तिचे रुपये झाले. युरोपचं सोनं मात्र थोडंफार वाचलं, ते आपल्याकडच्या बायकांच्या गळ्यात. तेव्हा सराफ कट्ट्यावर जाण्याआधी आजीचं कपाट गाठावं. पुतळ्यांची माळ मागावी. कारण विचारलं तर 'सहज' म्हणावं. आजीचा विश्वास बसणार नाही, पण माळ मिळेल.

माळेतल्या बहुतेक पुतळ्या सोनारानं ठशावर पाडलेल्या असतात. एखादी खरी व्हेनिसची असू शकते. भिंग घ्या. एका बाजूला उभे संत मार्क, त्यांच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा दोजे, म्हणजे तिथला निवडून आलेला प्रमुख. दोघांच्या मध्ये झेंड्याची काठी. उलट बाजूला लंबगोलात, चांदण्यांच्या गराड्यात येशू ख्रिस्त. वजन साडेतीन ग्रॅम, सोनं जवळपास शंभर नंबरी. १२८४ पासून १७९७ मध्ये नेपोलियननं ते प्रजासत्ताक बुडवेपर्यंत हे चित्र फारसं बदललं नाही. कडेची लॅटिन अक्षरं लागली तर नाणं अस्सल असण्याचा संभव. नुसत्याच काड्या दिसल्या तर नक्कल. नकलेला नाक मुरडू नये, तीही कधी कधी दोनशे वर्षांची निघते.

आपण इतकी वर्षं कुणाला गळ्यात घालून सिद्धेश्वराच्या दर्शनाला जात होतो, हे आजीला या वयात सांगू नये.

पुतळीला डाखलेली कडी काढू नये. पॉलिशला तर मुळीच देऊ नये. मोडीत घातलीत तर वजनाचेच पैसे येतील, दोजेचे नाहीत.

गड्ड्याच्या जत्रेत कुणी 'शिवकालीन होन' शंभराला देऊ लागला, तर घासाघीस करून वीसला घ्यावा. पोरांना खेळायला होतो.

शेतात हंडा लागला तर गप्प बसू नये. दहा रुपयांवरचा गुप्तधनाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा, असं १८७८ चा कायदा सांगतो. आणि शंभर वर्षांपेक्षा जुनी पुतळी अमेरिकेतल्या नातवाला पाठवू नये. १९७२ च्या कायद्यानं ती पुरावस्तू ठरते, देशाबाहेर नेता येत नाही.